हा माठ कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. माझ्यात आता पाणी राहत नाही. पोटाला चार भोकं पाडलेली आहेत, गळ्यापाशी एक टवका उडालेला आहे आणि झाकण तर तीस वर्षांपूर्वीच फुटलं. अशा माठाने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी सांगायचं ठरवलं, कारण मला एका गोष्टीची लाज वाटते आणि ती लाज एकट्याने बाळगण्यासारखी नाही.

माझा जन्म इंदूरच्या बाहेर एका कुंभाराच्या अंगणात झाला. तळ्याकाठची माती, चुलीतली राख आणि घोड्याची लीद एकत्र तुडवून त्याने मला घडवलं. लीद ऐकून नाक मुरडू नका. भाजताना ती जळून जाते आणि अंगभर बारीक बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं, आणि म्हणून आतलं पाणी गार राहतं. भट्टीतून काढल्यावर कुंभाराने मला टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "ये चलेगा." तेवढंच. पण त्या दोन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं ताठ उभा राहिलो.

मला मल्हारगंजातल्या एका शाळेत आणलं ते शरदचंद्र सरांनी. सर विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे दोन सदरे होते, एक अंगावर, एक दोरीवर. शाळेत चालत यायचे, चालत जायचे. खिशात बहुतेक वेळा कुठल्या तरी झाडाची बी असायची. मला त्यांनी वर्गाच्या खिडकीत ठेवलं आणि मुलांना विचारलं, "माठातलं पाणी गार का होतं?"

"पाझरतं म्हणून!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकात आहे म्हणून मानायचं नाही. हात लावून बघायचं." असं म्हणून सरांनी मला प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळलं. मी दिवसभर घुसमटलो. दुसऱ्या दिवशी मुलांनी पाणी पिऊन पाहिलं तर कोमट. तेव्हा कुठे सर म्हणाले, "आता माना."

त्या वर्गात मुकुल नावाचा एक मुलगा होता. एकदा मधल्या सुट्टीत त्याच्या हातून माझं झाकण पडून फुटलं, आणि पडता पडता माझ्या गळ्याचा टवका घेऊन गेलं. वर्गात दुसरं कोणी नव्हतं. तो सहज पळू शकला असता. पण सर येईपर्यंत तो खापरं हातात धरून तिथेच उभा राहिला. "सर, माझ्याकडून फुटलं." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुरे. एवढं बोललास, पुरे." झाकणाच्या जागी पितळेची ताटली आली. हा मुलगा लक्षात ठेवा.

वर्षं गेली. पाण्यातल्या क्षारांनी माझी छिद्रं बुजली आणि पाणी गार होईना. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली आणि सरांनी मला मागून घेतलं. पुढे ते मुलाकडे आणि सुनेकडे, विजय नगरच्या एका सहामजली इमारतीत राहायला आले. इमारतीच्या मागे एक कडुनिंब होता. सरांनी माझ्या पोटाला भोकं पाडली, मला त्या कडुनिंबाखाली विटांवर ठेवलं आणि माझ्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा टाकायला सुरुवात केली.

मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मला फार कमीपणा वाटला. जो पाणी देत होता, त्याच्या पोटात आता कचरा! पण सरांचा नियम होता: एक मूठ ओलं, तर दोन मुठी कोरडं. कोरडं म्हणजे कडुनिंबाची वाळलेली पानं. ती आणून द्यायची गेंदाबाई. ती इमारतीचा जिना आणि पार्किंग झाडायची, माळवी बोलायची आणि सरांना 'मास्साब' म्हणायची. दोन महिन्यांनी माझ्यातून काळीभोर, भुरभुरीत माती निघाली. पहिल्या पावसानंतर शेतातून येतो तसा तिचा वास होता. गेंदाबाईने ती हुंगली आणि म्हणाली, "मास्साब, यो तो सोनो है." माझा कमीपणा त्या दिवशी गेला. निदान मला तसं वाटलं.

आता लाजेकडे येतो.

इमारतीचा सेक्रेटरी कोण होता, ओळखलंत? तोच मुकुल. आता चाळिशीला आलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सरांना पाहिलं की भर पार्किंगमध्ये वाकून नमस्कार करायचा. "सर, आपण आमच्या बिल्डिंगची शान आहात," असं दहा जणांत म्हणायचा. सरांना ते आवडू लागलं होतं. साध्या माणसालाही कौतुक आवडतं, त्यात काही वाईट नाही. पण कौतुक टिकवायचं म्हटलं की माणूस वाकू लागतो.

कॉलनीत स्वच्छ इमारतींची स्पर्धा जाहीर झाली. बैठकीत ठरलं की कडुनिंबाचं एकही पान खाली दिसता कामा नये, रोज सकाळी सगळी पानं झाडून कचरागाडीत जातील. सरांना हे मुळीच पटलं नव्हतं. झाडाखाली पान पडणार नाही तर कुठे पडणार? पण "सगळ्यांना मंजूर?" असं मुकुलने विचारलं, भोवताली हात वर गेले आणि सरांचाही हात वर गेला. माझं कोरडं त्या दिवशी बंद झालं.

त्यानंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये सगळ्यांचा पोहे-जलेबीचा नाश्ता होता. खाऊन पिऊन अर्धी परात पोहे आणि पाकात बुडालेली जलेबी उरली. मुकुल म्हणाला, "सर, एवढं सगळं गाडीत द्यायचं? जीवावर येतं हो."

"माठात टाका," सर म्हणाले. "खत होईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "वा भिया, सर का दिमाग देखो!"

गेंदाबाई खरकटं उचलत होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्साब, इत्तो गीलो मत नाखो. सूखो पत्तो एक नी है. सड़ जायगो."

कोरड्याशिवाय एवढं ओलं टाकलं की सडतं, हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचाच तर नियम होता. पण टाळ्या अजून कानात होत्या. "कुछ नहीं होता, गेंदाबाई," ते म्हणाले आणि तेल, शेव, पाक, सगळं माझ्यात ओतलं गेलं.

बुधवारी परीक्षक आले, दोन बाई आणि एक गृहस्थ. तोवर मी सडलो होतो. अळ्या पडल्या होत्या, माशा घोंघावत होत्या, आणि माझ्या चारही भोकांतून काळा चिकट पाझर निघून धुतलेल्या फरशीवरून वाहत चालला होता. त्या गृहस्थांचा पांढरा बूट नेमका त्यातच पडला.

"ये मटका किसका है?" त्यांनी विचारलं.

मुकुल फरशीकडे पाहू लागला. बाकीचेही. सर माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. पाच मिनिटांपूर्वीच मुकुलने त्यांची ओळख करून दिली होती, "ये हमारे सर हैं, इन्होंने हमको सोचना सिखाया." शेजारी त्यांची सून देवयानी उभी होती. ती कुजबुजली, "बाबा, काही बोलू नका हं. ग्रुपवर आधीच वासावरून चालू झालंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

"गेंदाबाई का होगा," ते म्हणाले. "वही यहाँ पत्ते-वत्ते रखती है."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. असा घाण वास मारणारा मी सरांचा नाही, असं परीक्षकांना वाटलं म्हणून बरं वाटलं. हीच माझी लाज.

गेंदाबाई झाडू घेऊन खांबापाशी उभी होती. तिने सरांकडे पाहिलं. सरांची मान खाली होती. मग तिने मला आपला म्हटलं, "हाँ साब. म्हारो ज है."

परीक्षक गेल्यावर मुकुल तिला म्हणाला, "गेंदाबाई, कल से मत आना." तिने मला उचललं, तशाच घाणीसकट डोक्यावर घेतलं आणि फाटकाबाहेर पडली. पाझर तिच्या कानामागून ओघळत होता.

ती भंवरकुआंकडे, मुलांच्या हॉस्टेलांच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत राहायची. दारात तिने मला रिकामं केलं, सडलेलं सगळं उन्हात पसरलं, हॉस्टेलच्या अंगणातून दोन पोती पाचोळा आणून त्यात कालवला आणि मला पुन्हा भरलं. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. मला वाटत होतं, द्याव्यात.

अकरा दिवसांनी सर आले. चालत नव्हे, रिक्षाने. पाय चालत नाहीत म्हणाले. ते माझ्याजवळच्या विटेवर बसले. अकरा दिवस आपण घरातून खाली उतरलो नाही, मुकुल भेटायला आला तर झोपेचं सोंग घेतलं, हे त्यांनी हळूहळू सांगितलं. मग हात जोडून म्हणाले, "गेंदाबाई, मुझसे गलती हुई. मटका मेरा था."

गेंदाबाई पाचोळा चाळत होती. तिने वर पाहिलंही नाही. "यां कईं बोलो, मास्साब? यां तो मने मालम है. वां बोलो."

म्हणजे, इथे काय बोलता? इथे मला ठाऊकच आहे. तिथे बोला.

सर उठले. पुढच्या रविवारी सकाळी ते पुन्हा आले, गेंदाबाईला विचारून त्यांनी मला उचललं आणि सिटी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. मी अर्धा भरलेला होतो, जड होतो. पंचाहत्तरीला आलेले सर मला दोन्ही हातांनी धरून होते. कंडक्टरने विचारलं, "चाचा, ये मटका किसका है? सवारी के बीच में रखा है."

"मेरा है," सर म्हणाले. आणि थोडं थांबून, कोणी न विचारता, पुन्हा म्हणाले, "मेरा है."

पार्किंगमध्ये नाश्ता चालू होता. सरांनी मला थेट पोह्यांच्या परातीशेजारी, टेबलावर ठेवलं. देवयानी पुढे आली, "बाबा, हे काय? इथे?" सरांनी तिला हाताने थांबवलं.

"ये मटका मेरा है," ते म्हणाले. "उस दिन भी मेरा ही था. पोहे मैंने डलवाए थे. गेंदाबाई ने मना किया था. मैं झूठ बोला, और उनका काम गया."

मागून एक जण हसून म्हणाला, "अरे सर, छोडिए ना! जलेबी ठंडी हो रही है." दोघे-तिघे हसले. मला वाटलं, सर आता कोसळतील. पण ते उभे राहिले.

तेवढ्यात मुकुल आला. त्याने माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते बरोबर त्या टवक्यात ठेवलं.

"सर," तो मराठीत म्हणाला, "मी हा पहिल्या दिवशीच ओळखला होता. हा टवका माझ्या हातचा आहे. मला माहीत होतं माठ कोणाचा ते. तरी मी तिला काढलं."

सर त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांपूर्वीसारखं 'पुरे' म्हणावं असं त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण त्यांचा हात मुकुलच्या पाठीपर्यंत गेला. मग तो हात त्यांनी मागे घेतला. "आपण दोघांनी पुरे म्हणून चालणार नाही," ते म्हणाले. "चल तिच्याकडे."

ते दोघं आणि मागाहून देवयानी, तिघं गेले. मी देवयानीच्या हातात होतो. तिच्या कपड्यांना माती लागली, ती तिने झटकली नाही. गेंदाबाईने सगळं ऐकून घेतलं, तिघांना चहा दिला आणि म्हणाली, "अब नी आऊँ." तिला हॉस्टेलमध्ये काम मिळालं होतं. मुकुलने पुन्हा पुन्हा विनवलं. तिने मान हलवली ती हलवलीच. सगळं पूर्वीसारखं झालं नाही, मित्रांनो. ते तसं होत नसतं.

निघताना सरांनी मला उचलायला हात पुढे केला आणि थांबले. "गेंदाबाई, मटका यहीं रहने दूँ?"

"थारी मरजी," ती म्हणाली. मग जरा हसली. "पन पत्तो थे लाओगा." म्हणजे, पानं तुम्ही आणायची.

तेव्हापासून मी तिच्या दाराशी आहे. माझ्या मातीत दुधीचा वेल लागला आहे आणि तो पत्र्यावर चढला आहे. विजय नगरच्या त्या इमारतीत कडुनिंबाची पानं आता गाडीत जात नाहीत. सर एकेक करून वेचतात, दोन पिशव्या भरतात आणि दर गुरुवारी चालत निघतात. वाटेत दम लागला की बसतात. काही लोक हसतात. सर आता कोणी बघतंय का ते बघत नाहीत.

कधी कधी गल्लीतली पोरं वेलाखाली जमतात. मग सर दुधीकडे बोट दाखवून काहीतरी विचारतात आणि म्हणतात, हात लावून बघा.

मित्रांनो, मी पाणी दिलं, माती दिली, दोन्हीची मला लाज नाही. लाज आहे ती बुधवारच्या त्या एका घटकेची, जेव्हा मला सरांचा नसण्यात बरं वाटलं. तुमच्या घरीही एखादी जुनी, ओबडधोबड, मातकट वस्तू असेल. एखादं माणूसही असेल. ते स्वच्छ असताना तुम्ही त्याला जपालच. पण एखाद्या दिवशी त्याला वास येत असेल, माशा बसल्या असतील, चार मोठी माणसं बूट झटकत उभी असतील आणि कोणी विचारेल, हे कोणाचं? तेव्हा इकडेतिकडे पाहू नका. पुढे व्हा, आणि म्हणा, माझं.