डावीकडचा झोका

"आयरिस, इकडे! आई इथे आहे!"

मी गुडघ्यांवर बसून हात पसरले होते. पण माझी दोन वर्षांची लेक, गुडघा खरचटलेली, भोकाड पसरलेली, माझ्या शेजारून पळत गेली आणि डोरीनच्या कोटात तोंड खुपसून उभी राहिली.

"कोणी मारलं माझ्या चिमणीला? या जमिनीनं? थांब हं, देतेच हिला एक फटका."

बालोद्यानातल्या सगळ्या आया हसल्या. मीही हसले. आत मात्र चरचरलं.

डोरीन टॅपली एकाहत्तर वर्षांची. पूर्वी शाळेसमोर हातात फलक धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. ते सुटल्यापासून ग्रामपंचायतीसाठी दर शनिवारी बालोद्यान तपासायची, बिनपगारी. एका हातात तपासणीच्या कागदांचं पॅड, खिशात पाना. घसरगुंडीवरून तळहात फिरवायची, बोल्ट हलवून बघायची. मग फाटक उघडून सोडून द्यायची आणि ते आपोआप मिटेपर्यंतचे सेकंद ओठांतल्या ओठांत मोजायची.

"चारच्या आत मिटलं तर पोरांची बोटं चेमटतात. आठच्या वर गेलं की पोर रस्त्यावर. पाच असले की झकास."

हे ती मला सांगत होती. मला! मुलांच्या सुरक्षिततेवरची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारीला.

आणि तीन आठवडे डावीकडचा झोका वरच्या दांडीला गुंडाळलेला होता. टवाळ पोरं झोके असेच वर भिरकावतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. गावकऱ्यांनीच चालवलेल्या दुकानात त्या दिवशी हिलरीची पाळी होती. पाव पिशवीत घालता घालता ती म्हणाली, "तीन आठवडे झाले, तिला दिसत नाही का गं? वय झालं डोरीनचं."

या वाक्याचीच जणू मी वाट बघत होते. घरी आल्या आल्या पंचायतीला पत्र लिहिलं. 'काळजी', 'जबाबदारी', 'तरुण हात', सगळे शब्द गोड. सभेच्या संध्याकाळी डोरीन कंबर दाखवायला शहरातल्या हॉस्पिटलात होती. गावच्या हॉलवर तिचा विषय चार मिनिटांत उरकला आणि तपासणी माझ्याकडे आली. पुढे अर्धा तास वाद झाला तो गाड्या कुठे लावायच्या यावर.

शुक्रवारी ती स्वतः पॅड घेऊन माझ्या दारात आली.

"झोक्याचं लिहिलंय आत. वाच बरं का, पोरी."

"वाचेन की. तुम्ही काळजी करू नका."

नाही वाचलं. झोक्याबद्दल तिच्याकडून काय शिकायचं होतं मला?

शनिवारी सकाळी मी हॉलच्या उंच खिडक्या उघडायची आकड्याची काठी आणली आणि सगळ्यांदेखत झोका सोडवून खाली घेतला. "वा! शेवटी कोणीतरी केलं," हिलरी म्हणाली. आयरिसनं हात वर केले. मी तिला उचललं, तिचा एक पाय झोक्यात घातला.

"त्यात नको!"

डोरीन फाटकातून लंगडत, जवळजवळ धावत आली. मुलीला तिनं हात लावला नाही. फक्त डोक्यावरची साखळी धरली.

"वरून तिसरी कडी. बघ."

कडी अर्ध्याहून जास्त झिजली होती. तारेएवढी उरली होती. मी आयरिसला छातीशी आवळलं.

"मीच गुंडाळला होता गं तो, याच काठीनं."

मी पॅड उघडलं. तीन आठवड्यांचे तीन कागद, तेच टपोरं अक्षर: 'डावा झोका. कडी झिजली. वर गुंडाळला आहे. कृपया नवी साखळी पाठवावी.' पंचायतीत जाणाऱ्या यांच्या प्रती कोणी वाचत नसे. फायलीला लागत.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चिरका आला.

"विचारलं कोणी?"

काठी घेऊन तिनं झोका पुन्हा वर चढवला, तीन फेऱ्यांत. हिलरी आपल्या बुटांकडे बघत होती. आयरिस माझ्या हातांतून निसटायला बघत होती, दोन्ही हात डोरीनकडे. अजूनही. आणि मला अजूनही चरचरलं, खोटं कशाला बोलू?

डोरीननं हात पुढे केले नाहीत. "आईकडेच राहा, राणी. आई घाबरलीय."

मग काठी हॉलच्या भिंतीला टेकवून ती निघाली. बाहेर पडल्यावर तिनं फाटक मागे सोडून दिलं आणि सवयीनं थांबली. पाठ माझ्याकडे होती, पण तिची मान किंचित हलताना मला दिसली. एक, दोन, तीन, चार, पाच. फाटकाची कडी लागली. ती रस्त्याला लागली.

मी पेन काढलं. फाटकाच्या रकान्यात लिहिलं: पाच सेकंद. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. तिथे मी डोरीन टॅपली लिहिलं.