टोक्यांसाठी दारोदार

माझी नात वेदिका रत्नागिरीच्या कॉलेजात एम.एस्सी. करते आणि इथे वाडीत माझ्याकडे राहते. गेल्या महिन्यात तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर तांदळाच्या चार बरण्या आणून ठेवल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

बुधवारी ती गेल्यावर पाहिलं, तर तांदूळ टोक्यांनी, त्या बारीक काळ्या किड्यांनी, नुसता वळवळत होता. मुंबईत वाढलेली पोर, तिला काय कळणार! मी तांदूळ खळ्यात उन्हाला घातला, सुपात पाखडला. पडलेले टोके कोंबड्यांनी वेचले. बरण्या घासूनपुसून पुन्हा भरून ठेवल्या.

संध्याकाळी वेदिका आली आणि फळीवरच्या बरण्या एकेक करून उजेडात धरून पाहू लागली.

"आजी, दोनशे टोके मोजून ठेवले होते मी! त्यांच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते मोजायचं होतं."

"टोक्यांचा श्वास?"

"हवा तापवणारा वायू तेही सोडतात. कॉलेजचं यंत्र फक्त शुक्रवारी मिळणार आहे. माझा प्रकल्पच बुडाला."

"मग कोंबड्यांना लाव ना यंत्र."

ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "आपल्या कणगीत असतील का गं थोडे?"

माझ्या कणगीत! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात आधी शिकवलं, ते कीड लागू नये म्हणून भाताच्या कणगीत निगडीचा पाला थरांनी घालायला. ज्या घरात टोके, त्या घरची बाई आळशी, असं तेव्हा वाडीत सरळ बोलत. चोपन्न वर्षांत माझ्याकडे टोका दिसला नव्हता, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रिकामा डबा घेऊन शेजारच्या शकूकडे गेले.

"शकू, तुझ्याकडे टोके आहेत का गो?"

"काकी! आमच्या घरात? नाव नको!"

मैनाने तर दारातच हात जोडले. "टोके कसे दिसतात, तेसुद्धा आमच्या मुलांना ठाऊक नाय."

चार घरं झाली, डबा रिकामाच. वेदिकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी परत शकूच्या पायरीवर येऊन बसले.

"खरं सांगू? काल माझ्याच घरात टोके निघाले. दोनशे."

शकू बघतच राहिली. "तुमच्याकडे? निगडी घालून?"

"हो."

ती आत गेली ती थेट पत्र्याचा डबा घेऊन आली. "गणपतीपासून झालेत मेले. तुम्हाला कळू नये म्हणून पलंगाखाली ठेवला होता."

दुपारपर्यंत सगळ्या वाडीला बातमी कळली आणि डब्यांवर डबे आले. मैनाचा सगळ्यात मोठा.

शुक्रवारी वेदिका हसत घरी आली. "आजी, आकडा चढत गेला! बिनकिड्यांच्या बरणीत हलला नाही, टोक्यांच्या बरणीत सारखा वर!"

शनिवारी सकाळी दारात शकू उभी. हातात निगडीचा भारा.

"काकी, पाला आधी सावलीत सुकवायचा हां. मग एक थर भात, एक थर पाला. घाई नाय करायची."

हे तिला मीच शिकवलं होतं, तिच्या लग्नाच्या वर्षी. मी मान डोलावली आणि विचारलं, "सावलीत किती दिवस गो?"