राजा गेला, खोपट राहिलं

राजा गेल्याची बातमी देउसराला खोपटात कळली.

जेठातली सकाळ होती. पश्चिम नेपाळातल्या अछामच्या डोंगरउतारावरच्या त्या गावात बाईला पाळी आली की तिनं पाच दिवस घराखालच्या छाऊच्या, म्हणजे विटाळाच्या, खोपटात राहायचं. कमरेएवढ्या उंचीचं, दगडमातीचं, बिनखिडकीचं खोपट. आत शिरायचं ते रांगत. दूध-दही बंद, पाण्याच्या धारेला हात लावणं बंद, भाकरीसुद्धा वरून टाकलेली झेलायची. देउसराचा तो दुसरा दिवस होता. गुडघे छातीशी घेऊन ती दाराशी बसली होती आणि वर घरातला रेडिओ सांगत होता: दोनशे चाळीस वर्षांची राजेशाही संपली, नेपाळ गणराज्य झालं, राजानं पंधरा दिवसांत राजवाडा सोडावा.

देउसराचा हात आपोआप खांद्याकडे गेला. दोन वर्षांपूर्वी एकोणीस दिवस राजाविरुद्ध सारा देश रस्त्यावर उतरला होता, तेव्हा तीही दीड दिवस चालून जिल्ह्याच्या गावी मोर्चाला गेली होती. तिथं पोलिसाची लाठी बसली. ते हाड वेडंवाकडं जुळलं. थंडीत अजून ठणकायचं.

थोड्याच वेळात ढोल वाजू लागला. मिरवणूक चढण चढून आली. पुढे मानसिंग रोकाया, तिच्या नवऱ्याचा मित्र आणि गावातला पक्षाचा पुढारी. हातात अबीर, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला.

"वहिनी! चला चौतऱ्यावर, दोन शब्द बोला. लाठी खाल्लेली गावात तुम्ही एकच बाई!"

देउसरा हसत उठली. ती कुठून उठली हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. अबीर घेऊन पुढे झालेला हात मागे गेला.

"अरे, तुम्ही बाजूला आहात होय... मग राहू द्या. चौतऱ्यावर देव आहे. पुढच्या वेळी बोला."

"पुढच्या वेळी कुठला राजा काढणार आहात, भाऊजी?"

मागचे लोक हसले. मानसिंगही हसला. ढोल पुढे गेला, आणि देउसरा पुन्हा गुडघे छातीशी घेऊन बसली.

दुपारी सासू, रुजीआमा, भाकरी टाकायला आली. "राजा म्हणजे विष्णूचा अवतार. त्याला घालवलंत," ती म्हणाली. "आता देवांनाही घालवा म्हणजे झालं." भाकरी मातीत पडली. देउसरानं ती झटकली आणि खाल्ली.

पुसाच्या थंडीत तिच्या मुलीला, तेरा वर्षांच्या बाटुलीला, पहिली पाळी आली. पहिल्या वेळी अकरा दिवस खोपटात. पुरुषाचं तोंड बघायचं नाही, सूर्यही बघायचा नाही. आमानं सकाळीच खोपटात पेंढा पसरून ठेवला.

देउसराला कालसा आठवली. खालच्या घरची सून. दोन हिवाळ्यांपूर्वी गारठा सोसवेना म्हणून तिनं खोपटात शेगडी पेटवली आणि दार लावून घेतलं. सकाळी हाक मारली तर ओ नाही. धुरानं घुसमटून गेली होती. विटाळाचं प्रेत म्हणून पुरुष हात लावेनात. शेवटी देउसरानं आणि आणखी तिघींनी पाय धरून तिला बाहेर ओढलं. कालसाची नखं दारावर घासून तुटली होती.

"बाटुली जाणार नाही," देउसरा म्हणाली. "इथेच झोपेल. माझ्याजवळ."

"देव चुलीमागे आहेत, बये!"

"मग त्यांनाही ऊब मिळेल."

आमानं आपली घोंगडी उचलली. "बाटलेल्या घरात मी राहत नाही. पोर जात नसेल तर मी जाते." पासष्ट वर्षांची, पाळी जाऊन जमाना झालेली ती म्हातारी वाकत वाकत उतरली आणि खोपटात शिरली.

देउसरा हतबल झाली. पोरीला वाचवावं तर म्हातारी गारठणार, म्हातारीला आणावं तर पोर आत जाणार. खरं सांगायचं तर देव कोपण्याची भीती तिच्याही मनात होती. त्या रात्री गोठ्यात म्हैस जराशी हंबरली तरी ती उठून बघून यायची.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या दुकानात नवऱ्याचा फोन आला. तो पुण्यात एका सोसायटीत वॉचमन होता. कुणीतरी त्याच्यापर्यंत बातमी पोचवली होती.

"आईला खोपटात घातलंस? गावात माझं नाक कापलंस तू!"

"त्या आपण होऊन गेल्या. मला एक सांगा, तुमच्या सोसायटीतल्या बायका तेव्हा कुठं झोपतात?"

"कुठं म्हणजे? आपापल्या घरात."

"मग इमारत पडली का?"

"काही घरांत बसतात की अजून कोपऱ्यात," तो पुटपुटला. "इकडचे शिकलेले लोकसुद्धा." आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी मानसिंग अंगणात आला, पण पायरी चढला नाही. "वहिनी, कोर्टानं छाऊवर बंदी घातलीय, मला माहीत आहे. पण घाई नको. लोक तुटतात. आमच्याही घरी अजून..."

"राजा काढताना बरी घाई होती," देउसरा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खोपटातून खोकला ऐकू येऊ लागला. आमानं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. देउसरा खाली गेली आणि आत रांगली.

"चला आमा. मराल इथं."

"मरू दे. मला ही जागा नवी नाही." आमाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझा थोरला इथंच झाला. असाच पुसाचा महिना होता. बाळंतीण म्हणून अकरा दिवस मी इथंच. सातव्या दिवशी तो निळा पडला. मी हाका मारल्या, पण सासू आत येईना, तीही बाटली असती ना. या कोपऱ्यात मीच पुरला त्याला, हातांनी." तिनं उजव्या भिंतीकडे बोट केलं. "देवाचं होतं, देवानं नेलं, असं म्हणून मी जगले. आता तू म्हणतेस देव काही कोपत नाही. मग तो कशासाठी गेला? सांग! उगीच?"

खोटं बोलून म्हातारीला घरी नेता आलं असतं.

"हो आमा," ती म्हणाली. "उगीच गेला."

आमानं तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग तोच हात देउसराच्या मोडक्या खांद्यावर टेकला आणि म्हातारी जनावरासारखी, तोंड उघडं टाकून रडू लागली. चव्वेचाळीस वर्षांत त्या मुलासाठी ती पहिल्यांदाच रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन वर आली. आधी अंगणात बसली, गारा पडू लागल्या तशी उंबऱ्याच्या आत सरकली. अकरा दिवस बाटुलीच्या हातचं पाणी मात्र तिनं घेतलं नाही.

गावानं सोडलं नाहीच. बाटुली पाण्याच्या धारेवर गेली की बायका आपापल्या घागरी उचलून घेत. शेजारणीनं ताक देणं बंद केलं. देउसराची पाळी आली तेव्हा तिचे पाय सवयीनं खोपटाकडे वळले. अर्ध्या वाटेवरून तिनं ते ओढून मागे आणले. घरात झोपली, पण पाचही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

फागुनात एके दिवशी भर उन्हात तिनं पहार घेतली. बाटुलीनं टोपली घेतली. दोघी खोपटाचं छप्पर उतरवू लागल्या तशी माणसं आपापल्या अंगणांतून बघू लागली. मानसिंगही आला आणि लांब उभा राहिला. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. तिची नजर दगडांवरून हलत नव्हती.

भिंतीवर पहिला घाव बसला तेव्हा आमा काठी टेकत उतरली. आता अडवणार, असं सगळ्यांना वाटलं. म्हातारीनं श्वास सावरला.

"उजवीकडच्या कोपऱ्याला पहार लावू नकोस," ती म्हणाली.

देउसरानं पहार बाजूला ठेवली. त्या कोपऱ्याशी ती खाली बसली आणि एकेक दगड हातांनी उचलून बाटुलीच्या टोपलीत ठेवू लागली. गावात आणखी एकवीस खोपटं उभी होती.