पांढऱ्या साडीतली उमेदवार

शिवय्या सरांनी फळ्यावर ‘कँडिडेट’ हा शब्द लिहिला आणि शेजारी माणसाचं चित्र काढायला घेतलं. हात, पाय, डोकं झालं. मग खडू आडवा धरून तो त्या माणसाच्या अंगावर इतका घासला, की चित्रातला माणूस पार पांढऱ्या ढिगात बुडून गेला. समोर बसलेल्या पाच बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

“सर, भूत काढलासा व्हय?” तानाबाईनं विचारलं.

“भूत नव्हे, उमेदवार,” सर बोटं झटकत म्हणाले. “जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला माणूस पांढरं वस्त्र पांघरून गावभर हिंडायचा. ते आणखी झळकावं म्हणून वरनं खडू चोळायचा. लॅटिनमध्ये कांडिदुस म्हणजे पांढराशुभ्र. त्यावरनं इंग्रजीत कँडिडेट.”

मंगळवार पेठेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पुढच्या खोलीत दुपारी दोन ते तीन हा वर्ग भरायचा. बायकांना दुकानाच्या पाट्या आणि मुलांची प्रगतिपुस्तकं वाचता यावीत, एवढाच त्याचा हेतू. पण निवृत्त शिक्षक असलेल्या शिवय्या सरांना शब्दाच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे. मागच्या आठवड्यात त्यांनी ‘मसल’ या शब्दाचं मूळ सांगितलं होतं: लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यागत दिसतं. यावर तालमींच्या पेठेत वाढलेली तानाबाई म्हणाली, “आमच्याकडं तितं बेडकुळी असती, सर. उंदीर न्हाय.” बेडूक आणि उंदीर एकाच दंडात सापडल्यावर सरांना असा काही आनंद झाला, की त्या दिवशी पुढचा शब्द आलाच नाही. सहा महिन्यांत जेमतेम चाळीस शब्द झाले होते आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

आजचा शब्द सरांनी खास सोनूबाईसाठी निवडला होता. ती घरी भाकरी करून विकायची. यंदा, म्हणजे पंच्याण्णव साली, वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि सोनूबाई अपक्ष उभी राहिली. बोळातल्या बायकांना धुणं धुवायला एक सार्वजनिक नळ पाहिजे, एवढाच तिचा जाहीरनामा.

ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे कापड माझ्याकडं हाय की!”

विहारात वंदनेला नेसायची निळ्या काठाची पांढरी साडी तिच्याकडे होती. प्रचाराला मात्र गेले तीन दिवस ती तानाबाईची हिरवी साडी नेसून हिंडत होती. कपाळावरची टिकलीही तानाबाईनंच चिकटवलेली.

“पांढऱ्यात जाणार लोकांच्या दारात?” तानाबाई उखडली. “बाया हळदीकुकवाचं ताट घेऊन हुभ्या असत्यात. काय म्हणतील?”

“तीन दिवस तुझी साडी हिंडली, तानाबाई. मी कुठं हिंडले? आरशात बघितलं तर मलाच मी वळखू यीना. मग लोक कसं वळखायचं?”

हे ती हसत बोलली, पण तिला ते मनातून लागलं होतं. निवडून तर तिला यायचंच होतं. मात्र दुसऱ्याच कुणाचा वेष करून यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकली काढून, पांढरी साडी नेसून ती निघाली. पहिलं घर धोंडुबाईंचं. वय पंचाहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. बोळातली कुठलीही बातमी त्यांच्या उंबऱ्यावरूनच पुढे जायची. पांढरी साडी आणि मोकळं कपाळ दिसताच त्यांनी हातातलं ताट मागं केलं, खाली ठेवलं आणि सोनूबाईचे दोन्ही हात धरले.

“धीर धर गं बाई. आमी हाय.”

अपक्षाला लोक धीरच देणार, असं सोनूबाईला वाटलं. पुढच्या घरातही तेच. कुणी पक्ष विचारला नाही, कुणी वाद घातला नाही. एकीनं तर पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. रोमची माणसं हुशार होती, असं मनाशी म्हणत ती दुपारपर्यंत अख्खी गल्ली हिंडली.

इकडे घरी तिचा नवरा बाबासो फौंड्रीतली रात्रपाळी करून गाढ झोपला होता. कडी वाजली म्हणून तो बनियनवर उठून आला आणि त्यानं दार उघडलं. दारात सात-आठ बायका होत्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पुढच्या बाईनं पिठल्याचं पातेलं आणि भाकऱ्या आणल्या होत्या. तिच्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं.

“तुमी कोण पावणं?” तिनं कसंबसं विचारलं.

“मी बाबासो. का वं?”

“आवं, तुमी तर वारलासा न्हवं?”

“कुणी सांगितलं?”

“धोंडुबाईंनी.”

“मग खरंच असंल,” बाबासो म्हणाला आणि सगळ्यांना आत बोलावून त्यानं चहा ठेवला. पिठलं त्यानं तिथंच बसून संपवलं. वर ‘मत कुणाला देणार’ हेही विचारून घेतलं.

पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चौकात पोचली. विरोधी उमेदवाराच्या पोरांनी ‘बाबासो अमर रहे’ अशा घोषणा दिल्या आणि पानपट्टीवरची माणसं पोट धरून हसली. सोनूबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसली. तिच्यासाठी लाजेपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. ती आपल्या रूपात दारात उभी राहिली, तर लोकांना ती ओळखूच आली नव्हती.

शिवय्या सर आले, मागोमाग तानाबाई. बसा म्हटलं तरी सर बसले नाहीत.

“चूक माझी. मी रोमचं सांगितलं आणि पेठेचं विसरलो.”

“सर, पिठलं झकास होतं,” बाबासो म्हणाला. “तेवढं सोडून बोला.”

“उद्यापासनं हिरवी,” तानाबाईनं हुकूम सोडला आणि साडीची घडी सोनूबाईच्या मांडीवर ठेवली.

“नेसते बाई. मत पडलं म्हंजे झालं.” सोनूबाईचा आवाज पडला होता.

तेवढ्यात दारात बयाबाई आली. धोंडुबाईंची ही थोरली सून, नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली. दुपारचं पिठल्याचं पातेलं त्यांच्याच घरचं, ते परत न्यायला आली होती. बाबासोनं ते घासून ठेवलं होतं. तिनं ते घेतलं, पण ती तिथंच उभी राहिली.

“सोनूबाई, उद्या बी पांढरीच नेसणार न्हवं?”

“न्हाय गं. बघितलंस की आज काय झालं ते.”

बयाबाई पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग खाली बघतच बोलली, “मताला कोण बी आलं की आत्ती मला म्हणत्यात, बया, आत हो. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या पुढ्यात आपलं तोंड नगं म्हणून. आज तुला बघून त्यास्नी ते सुचलंच न्हाय. तू हात जोडलास, मी बी जोडलं. अठरा वर्सांत पयल्यांदाच मला कुणी मत मागितलं.”

तानाबाईनं सोनूबाईच्या मांडीवरची हिरवी साडी उचलली आणि आपल्या पिशवीत घातली.

“आवं,” सोनूबाई नवऱ्याला म्हणाली, “घरात नीळ हाय का बघा की.”

पांढरी साडी एकच होती. ती बाबासोनंच धुतली, नीळ घातली आणि उजेड असेतोवर भर बोळात दोरीवर वाळत घातली. मेलेल्या माणसानं बायकोची साडी पिळलेली बघायला निम्मा बोळ दारात आला होता.

सकाळी सोनूबाई पुन्हा धोंडुबाईंच्या उंबऱ्यासमोर उभी राहिली.

“नवरा बरा हाय न्हवं?” धोंडुबाई ओशाळून हसल्या.

“बरा हाय. पिठलं अजून मागतोय.”

धोंडुबाईंच्या मागून बयाबाई बाहेर आली आणि कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवू लागली. धोंडुबाईंनी वळून पाहिलं.

“बया...”

“मागच्या बोळात माझ्यासारख्या चौघी हाईत, सोनूबाई,” बयाबाई म्हणाली. “त्यांच्याकडं कुठलीच पार्टी जात न्हाय. आदी तिकडं जाऊ.”

आणि पायरी उतरून ती पुढं चालू लागली.