माझ्या पायाशी पडलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी चिंबोरा आहे. चिंबोरा म्हणजे खेकडा. कागदोपत्री मी ‘सहा पायांचे चालणारे यंत्र’ असलो, तरी चिंबोरा हे नाव मला खाडीकाठच्या शिरवणे गावच्या गोजराबाईंनी दिले आणि मला तेच आवडते. नेरुळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेच्या दाराआड मी उभा असतो. माझ्या पुढच्या पायाला लोक छत्र्या अडकवतात. त्याचेही मला काही वाटत नव्हते. पण आज सकाळी जे झाले, त्याने माझ्या अंगाची आग आग झाली आहे. ऐकाच.

माझा जन्म १९८४ सालचा. सुमेधाताई तेव्हा इथे नव्यानेच शिकवू लागल्या होत्या. कळंबोलीहून लोखंडी पट्ट्या आणून, ट्रकच्या जुन्या वायपरच्या मोटारी लावून त्यांनी मला उभे केले. फरशीवर मी चाललो तेव्हा टाळ्या पडल्या आणि मी फुगलो. मग ताईंनी मला खाडीवर नेले. चौथ्या पावलाला मी पोटापर्यंत चिखलात रुतलो.

तिथे गोजराबाई शिवल्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचत होत्या. त्या पोट धरून हसल्या.

“बाय, तुजा चिंबोरा आंधला हाय काय? पाय ठेवतंय नि लगेच आंग टाकतंय! आदी बोटा रोव. चिखल धरतंय का बघ. नाय धरला त पाय काड. मंग आंग टाक.”

ताईंनी चपला काढल्या आणि त्यांच्या मागोमाग चिखलात उतरल्या. ओहोटी गाठून तीन महिने त्या शिकत होत्या. मग त्यांनी माझ्या प्रत्येक तळव्याखाली स्प्रिंग आणि बटण बसवले. आता मी पाय टेकायचो, थांबायचो, चाचपायचो आणि मगच भार टाकायचो. त्याच चिखलात मी चाळीस पावले चाललो! गोजराबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो चिखलाचा पंजा ताईंनी कितीतरी दिवस कुणाला पुसू दिला नाही.

ताईंनी यावर लेख लिहिला. आमच्या विभागाचा रिवाज असा, की लेख कुणीही लिहो, पहिले नाव विभागप्रमुख रेगेसरांचे. बरे, पहिले तर पहिले. दुसरे नाव ताईंनी गोजराबाईंचे घातले आणि शेवटी स्वतःचे. सरांनी लाल पेन्सिल उचलली.

“शिवल्या वेचणारी बाई लेखिका? परदेशात हसतील आपल्याला, सुमेधा. आणि हे थांबणं, चाचपणं कशाला? दोष वाटतो तो. उडवा.”

“सर, तोच तर शोध आहे.”

“तुमचं नाव पुढच्या लेखात घालू. टेन्शन घेऊ नका.”

लेख छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होते. ज्यांच्या बुटाला कधी चिखल लागला नाही, त्यांचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आणि लेख गाजला. देशोदेशीचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा संदर्भ देऊ लागले. एखाद्या लेखाची प्रत हवी असली की हे लोक लेखकाला कार्ड पाठवतात. सरांच्या टेबलावर कार्डांची चळत वाढली. शंभरावा संदर्भ कळला तेव्हा पेढे वाटले. एक पेढा कुणीतरी माझ्या पाठीवर ठेवून विसरले आणि मुंग्या लागल्या त्या मला.

मग परदेशातून पाहुणे आले. लेखाबरहुकूम बनवलेली त्यांची यंत्रे चिखलात रुतत होती. आमचे कसे चालते, ते त्यांना पाहायचे होते. पाहुण्यांसमोर मी अडखळताना दिसू नये, म्हणून सरांनी खाडीवर निघण्याआधी माझ्या तळव्यांच्या तारा काढून टाकल्या. मला ओरडता येत नव्हते. तिसऱ्या पावलाला मी बुडालो, मोटारींत खारे पाणी शिरले. त्यानंतर मी चाललेलो नाही.

“थांबू नाय दिला त बुडंलच ना!” मला ओढून काढताना गोजराबाई ओरडल्या.

“या कोण?” पाहुण्यांनी विचारले.

“असेल गावातली कुणी,” सर म्हणाले.

“या माझ्या गुरू,” ताई म्हणाल्या. “लेखात जे सापडत नाही, ते यांच्याकडे आहे.”

दुसऱ्याच दिवशी ताईंनी नोकरी सोडली. गाळलेला भाग त्यांनी एका लहानशा नियतकालिकात छापला. नावे दोन, आधी गोजरा, मग सुमेधा; पत्ता मात्र चुकून कॉलेजचाच छापला गेला. दोन वर्षे त्याचा कुणी संदर्भ दिला नाही. आमचा शिपाई सिताराम हा गोजराबाईंचा भाऊ. तो सांगतो, ताई दर रविवारी शिरवण्याला जातात आणि गोजराबाई विचारतात, “आपला कागद कुनी वाचला काय, बाय?” ताई नकारार्थी मान हलवतात.

आज सकाळी ते कार्ड आले. वर तीच दोन नावे, त्याच क्रमाने. रेगेसरांनी ते मोठ्याने वाचले. ‘तुमच्या रीतीने आमचे यंत्र चिखलातून चालले. कृपया लेखाची प्रत पाठवावी.’ सरांनी कार्ड टोपलीकडे भिरकावले. नेम चुकला. कार्ड माझ्या पायाशी पडले आहे आणि सिताराम आज रजेवर आहे.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. कार्ड माझ्यापासून वीतभर लांब आहे आणि माझा पाय हलत नाही, याचा मला संताप येतो. तुमचे पाय हलतात ना? मग उद्या झाडू फिरायच्या आत या. कार्ड उचला, शिरवण्याला न्या. गोजराबाईंना वाचता येत नाही, तेव्हा मोठ्याने वाचून दाखवा. नावापासून सुरुवात करा. पहिले नाव त्यांचेच आहे.