गजराबाईचा फ्रिज

"तिरपा कर रे, तिरपा कर! दार फोडशी का मन्हं?"

गिरधर ओट्यावर उभा राहून ओरडत होता आणि चार जण एक लाल फ्रिज त्याच्या घराच्या दारातून आत रेटत होते. दार अरुंद, फ्रिज रुंद, आणि चौघांपैकी प्रत्येकाला आपलंच डोकं जास्त चालतं असा भरवसा. शाळेतून दाखला घेऊन आलेली रूपाली गल्लीच्या तोंडाशीच थबकली. फ्रिज? आपल्या घरात? आणि तोही नेमका आज?

ती धावत आली. फ्रिज तोवर आत गेला होता. आत पाहते तर सतरंजी अंथरलेली, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, फळीवर स्टीलची भांडी चकचकीत रचलेली. तिची आई भिकुबाई चुलीजवळ अंग चोरून बसली होती. स्वतःच्या घरात तिला जागा उरली नव्हती.

"आबा, हाऊ फ्रिज कोना?"

"गजराबाईना. आज एक दिन आपला." गिरधर खुशीत होता. अंगातला इस्त्रीचा शर्टही त्याचा नव्हता. पलीकडच्या भूपेशचा होता, आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

"आबा!" रूपालीने कपाळाला हात लावला.

तिला दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळाले होते. सारंगखेड्याच्या आसपास यंदा एवढे कुणालाच नव्हते. पुढे सायन्सला नंदुरबारला जायचं, वसतिगृहात राहायचं, तर फी, जेवण, पुस्तकं हा सगळा दोन वर्षांचा खर्च एक संस्था करणार होती. संस्थेची परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती. आता राहिली होती ती घराची पाहणी. संस्थेच्या बाई आज अकरा वाजता येणार होत्या. त्यांच्या कागदावर घर गरिबाचं ठरलं तर नंदुरबार. नाही ठरलं तर येत्या आठवड्यापासून आईबरोबर कापसाच्या लावणीला, आणि पुढे आईसारखीच पपया कागदात गुंडाळायला.

हे सगळं तिने बापाला दोनदा समजावलं होतं. त्याने मानही हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं.

"आबा, हाई संस्था गरीबलेच देस. फ्रिज देखीसन ती मन्हं नाव काटी टाकी!"

"तुले काय कळस?" गिरधर शांतपणे म्हणाला. "मी सोसायटीमा कर्ज मांगाले गऊ, तठे पहिले इचारं, जमीन कितली शे? सोनार इचारस, डाग-दागिना काय शे? जेनाकडे शे तेलेच देतस समदा. फाटेल घर देखीसन कोन पैसा दी, सांग बरं?"

बापाचं खोटं नव्हतं. पन्नास वर्षांत त्याला जो जो भेटला होता, त्याने आधी हेच विचारलं होतं.

आणि गल्लीला तर निमित्तच हवं होतं. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की ज्याच्या घरी जे चांगलं ते त्या घरी पोचवायचं, आणि पाहुणे वाटेला लागले की जो तो आपलं घेऊन जाणार, ही इथली रीत जुनी. या रीतीवर आजवर आठ-दहा लग्नं जमली होती आणि देवाच्या कृपेने एकही मोडलं नव्हतं. मग शिष्यवृत्ती का जमू नये? पाहुणा तो पाहुणा.

"बाहेर काढा समदं," रूपाली म्हणाली. "आबा, पाया पडस. बाहेर काढा."

तेवढ्यात गल्लीत स्कूटीचा हॉर्न वाजला.

बाईंचं नाव शीला. चाळिशीच्या, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला पिशवी. ओढणी सोडून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. गिरधरने खुर्ची पुढे केली. दारात निम्मी गल्ली जमली होती. सगळ्यात पुढे फ्रिजवाली गजराबाई आणि तिचा नवरा दिलवरसिंग. खुर्च्या ज्याच्या, तो कुंदन मंडपवाला खिडकीतून डोकावत होता.

शीलाताईंनी कागद काढला.

"घर स्वतःचं?"

"हो ताई. वडिलांपासून." बाहेरच्या माणसाशी गिरधर शाळेतलं मराठी बोलायचा, जपून, एकेक शब्द ठेवत.

"जमीन?"

गिरधर अडखळला. दारात दिलवरसिंग खोकला. पण जमीन काही कुणाकडून उसनी आणता येत नाही.

"जमीन नाही," गिरधर म्हणाला. "बाकी समदं आहे."

"खुर्च्या तुमच्याच?"

"हो."

"फ्रिज?"

"हो. दिसतोच आहे ना ताई."

"किती वर्षं झाली घेऊन?"

"बहू वर्षं झाली."

शीलाताईंनी लिहिलं. पेनाची करकर रूपालीला स्पष्ट ऐकू आली. फ्रिजची वायर मागे गुंडाळून सुतळीने बांधलेली होती, घरात विजेचं बटण एकच, तेही दिव्याचं. हे कुणालाही दिसेल! पण बाई कागदाकडे बघत होत्या आणि कागदावर 'हो' पडत होतं.

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ताई, यातलं आमचं काही नाही. एवढंच म्हणायचं होतं. तिने बापाकडे पाहिलं. गिरधर खुर्चीत ताठ बसला होता, बाह्या वर सरकवून, पायावर पाय टाकून. कुण्या साहेबासमोर, कुण्या बाईसमोर तिचा बाप खुर्चीत बसलेला तिने सोळा वर्षांत पाहिला नव्हता. नेहमी उभा, नाहीतर जमिनीवर, उकिडवा. आता तिने ते वाक्य म्हटलं असतं तर सगळ्या गल्लीसमोर तो त्या खुर्चीतून खाली आला असता.

तिने वाक्य गिळलं. जाऊ दे शाळा, असं ती मनाशी म्हणाली, आणि म्हणता म्हणता डोळे भरून आले. तिने तोंड फिरवून घेतलं.

भिकुबाई पाणी घेऊन आली. ताटात दोन ग्लास. शीलाताईंनी एक उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. ग्लासच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं नाही, नुसते डोळे फिरवले. 'गजराबाई दिलवरसिंग'. मग दुसऱ्या ग्लासकडे पाहिलं. 'चि. भूपेशच्या लग्नात मामाकडून'. मग ताटाकडे. 'कै. सुपडू तोताराम यांच्या स्मरणार्थ'.

दारातली कुजबुज एकदम थांबली. अरे देवा! सगळ्या गल्लीने मिळून सगळं आणलं होतं, राखेने घासून लखलखीत केलं होतं, आणि नावांचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भांड्यावरचं नाव बघायचं ते भांडं परत न्यायच्या वेळी. आणताना कोण बघतो? दिलवरसिंगने बायकोकडे पाहिलं. बायकोने आढ्याकडे पाहिलं.

गिरधरला मात्र काही कळलं नव्हतं. तो घरधन्याच्या ऐटीत बसला होता.

शीलाताईंनी ग्लास खाली ठेवला. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे 'कुंदन मंडप' असं रंगवलेलं होतं. खिडकीतलं कुंदनचं डोकं खाली गेलं. मग त्या भिकुबाईकडे वळल्या.

"ताई, तुमच्या नावाचं भांडं आहे का घरात एखादं?"

भिकुबाई गोंधळली. "मन्हा नावनं?" ती उठली, चुलीमागे वाकली, आणि एक तांब्या घेऊन आली. एका बाजूने चेपलेला. त्यावर 'भिकुबाई' एवढंच होतं. तिचा बाप वारल्यावर आईने पपईच्याच मजुरीतून घेतलेला, लग्नात दिलेला.

"त्यातलं पाणी द्या मला."

गिरधर लगबगीने पुढे झाला. "ताई, तो चेपलेला आहे. ग्लासने प्या ना."

"मला तांब्यानंच प्यायची सवय आहे, गिरधरभाऊ."

त्या मान वर करून, वरून धार धरून घटाघट प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पुसलं. मग चहा आला. तो भूपेशच्या लग्नातल्या कपात होता. तो त्यांनी घेतला, आणि चांगला झालाय म्हणून आणखी एक अर्धा कप मागून घेतला. चहा पिता पिता त्यांनी कागदाचं पान मागे उलटलं आणि पेन उघडलं.

रूपाली त्यांच्या खांद्यामागे उभी होती. तिला सगळं वाचता येत होतं. फ्रिजपुढचं 'हो' खोडलं गेलं. 'नाही'. खुर्च्यांपुढचं 'हो' खोडलं गेलं. 'नाही'. प्रत्येक खाडाखोडीशेजारी बाई आपली छोटी सही करत होत्या. रूपालीने भिंतीला हात टेकला. तिला ना बापाला खोटं पाडावं लागलं, ना शाळा सोडावी लागली. असंही होऊ शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

निघताना शीलाताई ओट्यावर थांबल्या.

"गिरधरभाऊ, यादी संस्था लावते. पण माझा कागद आजच जातो, आणि माझ्या कागदावरून आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. पोरीचे कपडे, पांघरूण तयार ठेवा. पंधरा तारखेला वसतिगृह उघडतं."

गिरधरने दोन्ही हात जोडले. स्कूटी वळली, गेली.

आणि मग गल्लीला कंठ फुटला. "मी म्हनं नही?" गजराबाई सगळ्यांच्या वर ओरडत होती. "मन्हा फ्रिजनीच काम करं! त्याले देखीसनच बाई ढिली पडनी!"

"पोर," आत येऊन पुन्हा खुर्चीत बसत गिरधर रूपालीला म्हणाला, "तू मागे उभी व्हती. फ्रिजना जागावर काय लिखं तिनी?"

आता सांगायला हरकत नव्हती.

"नही, असं लिखं, आबा. खुर्च्या बी नही. समदं नही."

गिरधरने ताट उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि अक्षर अक्षर लावत वाचलं.

"म्हंजे तिले कळनं."

"हा आबा."

"कव्हय?"

"पानी पितांना."

तो हळूच खुर्चीतून उतरून सतरंजीवर बसला. रूपालीला वाटलं, झालं, लागलं याच्या मनाला. पण त्याचा चेहरा काही वेगळाच झाला होता.

"कळनं," तो म्हणाला, "तरी बी तिनी माले भाऊच म्हनं. आन चहा मांगीसन पिनी." त्याने भूपेशच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाही लांब होती, ते बरंच झालं.

गजराबाईला मात्र वेगळंच लागलं होतं. कमरेवर हात ठेवून ती आत आली.

"नही लिखं? सात वरीसना फ्रिज मन्हा, चार जनस्ना हात सोलाई गयात आनतांना, आन ती नही लिखस? डोळा फुटेल शेतस का तिना? बलावा तिले माघारी!"

सगळी गल्ली हसली. गिरधरही हसला, डोळे ओले असतानाच. कुंदनने खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली. गजराबाई थांबेना. तिचं चालूच होतं.

तेव्हा सकाळपासून अंग चोरून असलेली भिकुबाई चुलीजवळून उठली.

"गजराबाई, चूप बठ," ती म्हणाली. "मन्ही पोर शिकाले जाई ऱ्हायनी."

एवढं बोलली आणि गजराबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली.