‘करू का?’ विचारणारी स्क्रिप्ट

“वहिनी, ही बया दर वेळी विचारत काय बसते? ऐन लग्नसराईत एवढा वेळ कुणाला आहे?” दिनेश माझ्यावर करवादला.

मित्रांनो, ती बया म्हणजे मी. पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओच्या संगणकातली जुनी, इवलीशी स्क्रिप्ट. म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कामांची चिठ्ठीच म्हणा. योगिनीवहिनींनी व्हिडिओ बघत, चुकतमाकत मला लिहिले. कॅमेरा फोटोंना नुसते आकडे देतो. मी शेकडो फोटोंचे बारसे एका दमात उरकते, आकड्याआधी गावाचे नि लग्नाचे नाव लावून. पण आधी जुनी-नवी नावे पडद्यावर मांडते. एखादे नाव आधीच कुणाला दिलेले असेल, तर थांबते. मग विचारते, “करू का?” वहिनी मूळ फोटोंची प्रत बाजूला ठेवत, नावे वाचत आणि मगच होकार देत. तेव्हा माझे काय कौतुक व्हायचे!

दिनेश त्यांचा धाकटा दीर. त्याने माझे थांबणे आणि विचारणे, दोन्ही खोडून टाकले. स्क्रिप्टला तोंड कुठे असते?

देवळा गावच्या एका लग्नात नेहमीसारखे दोन कॅमेरे होते, एक नवरीकडे, एक नवऱ्याकडे. दोन्हींचे आकडे एकापासूनच सुरू. दिनेशने प्रत न काढता सगळे फोटो माझ्यापुढे ओतले. मी नवरीकडच्यांना नावे दिली. मग तीच नावे नवऱ्याकडच्यांना दिली, आणि एकेक नवा फोटो आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसत गेला. कॅमेऱ्यांची कार्डे तोवर कोरी होऊन पुढच्या हळदीला गेली होती.

नवरीची आई कुसाबाई अल्बमसाठी खेपा घालू लागली. लेकीची पाठवणी तिला बघायची होती. रडण्याच्या भरात ती धड बघितलीच नव्हती.

“प्रिंटर बिघडलाय, मावशी,” दिनेश सांगे.

“डिझाइन चाललंय, मावशी.”

वहिनीसुद्धा खाली मान घालून चहा मागवत.

मित्रांनो, पुसण्याआधी कुणी विचारत असेल, तर त्याचा कंटाळा करू नका. आणि मूळ प्रत जिवापाड जपा.

काल कुसाबाईने चहाला हात लावला नाही.

“दिनेश, लय झालं बाबा. माझ्या पायलचं फोटू हाय का नाय?”

वहिनी काहीतरी बोलणार, तोच दिनेश उठून उभा राहिला.

“नाहीत, मावशी. तुमच्याकडचा एकही उरला नाही. माझ्या हातून गेले.”